पाच रहिवाशांचे रेल्वेगाव : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात न्यू रिव्हर या नदीच्या खोल दरीत थरमंड नावाचे एक रेल्वेगाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५ नोंदली गेली आणि तरीही न्यूयॉर्क ते शिकागो धावणारी प्रवासी गाडी तेथे थांबते, एवढी माहिती गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात आली होती. त्यावर इतक्या वाचकांनी विचारणा केली आहे, की या वेळचे सदर आम्ही याच एका गावाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांचा एकेक प्रश्न केला आहे.

प्रश्न : पाच माणसांच्या गावाला रेल्वे स्टेशन कशासाठी हवे? आणि मुळात अशा अडचणीच्या दरीत गाव वसवण्याचे कोणाच्या मनात आले? (नांदेड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागेल, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. न्यू रिव्हर नॉर्थ कॅरोलायनात उगम पावते, व्हर्जिनियातून उत्तरेकडे वाहत वेस्ट व्हर्जिनियात शिरते आणि तेथील पठार खोलवर कापत पुढे जाते. या नदीने युगानुयुगे डोंगर कापल्यामुळे दरीच्या दोन्ही भिंतींत कोळशाचे थर उघडे पडले होते. हा कोळसा उत्तम प्रतीचा आणि जळताना फारच कमी धूर सोडणारा असल्यामुळे त्याला मोठी मागणी होती. मात्र तो बाहेर काढायला वाट नव्हती. चेसापीक अँड ओहायो या रेल्वे कंपनीने नदीच्या काठाकाठाने मार्ग बांधला, २९ जानेवारी १८७३ रोजी हॉक्स नेस्टजवळ त्याचा शेवटचा खिळा ठोकला गेला आणि त्यानंतर दरीत एकामागून एक खाणी सुरू झाल्या.

त्याच वर्षी विल्यम थरमंड नावाच्या गृहस्थांना जमीनमोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून नदीकाठची ७३ एकर जमीन मिळाली. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या बाजूने कॅप्टन म्हणून लढले होते. त्यांच्या जमिनीत शेतीजोगे विशेष काही नव्हते, पण कड्याचा पायथा आणि नदीचे पाणी यांच्यामध्ये तेथे जरा रुंद पट्टी होती, आणि रेल्वेला नेमकी तीच हवी होती.

वाफेच्या इंजिनाच्या गरजा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे लगेच कळेल. त्या इंजिनाला वाटेत ठरावीक अंतरावर पाणी लागे, कोळसा लागे, चाके घसरू नयेत म्हणून वाळू लागे, राख काढायला जागा लागे आणि तेलपाणी व दुरुस्ती करणारी माणसे लागत. शिवाय आजूबाजूच्या ओढ्यांच्या खोऱ्यांतून खाणींकडे जाणारे फाटे फुटले होते. त्या खाणींना रिकामे डबे पोहोचवायचे, भरलेले परत आणायचे, त्यांची प्रतवारी लावून लांब मालगाड्या जोडायच्या आणि मुख्य मार्गाला लावायच्या, हे सारे काम कोठेतरी एका ठिकाणी व्हायला हवे होते. पलीकडच्या काठावरचे मोठे जमीनदार थॉमस मॅकेल यांनी १८८८ मध्ये रेल्वे कंपनीशी बोलणी करून नदीवर पूल आणि डनलूप ओढ्याच्या खोऱ्यात फाटा मिळवला. तेव्हापासून थरमंड हे त्या कामाचे ठिकाण झाले. १९०० मध्ये ते रीतसर नगर म्हणून नोंदले गेले. ऐन भराच्या काळात दिवसाला १५ प्रवासी गाड्या येथून जात, वर्षाला ९५,००० पर्यंत प्रवासी या स्थानकाचा वापर करीत, आणि खाणींच्या कोळशामुळे संपूर्ण चेसापीक अँड ओहायो मार्गावर सर्वांत जास्त उत्पन्न याच स्थानकाचे असे. दोन हॉटेले, दोन बँका, चित्रपटगृह, जवाहिऱ्याचे दुकान, कापडदुकाने, कचेऱ्या हे सर्व त्या अरुंद पट्टीवर उभे राहिले. गावाला मुख्य रस्ता असा नव्हताच. बँकेच्या आणि दुकानांच्या दारांतून बाहेर पडलेले पाऊल जवळजवळ रुळांवरच पडे.

आता पहिला प्रश्न. खाणी बंद पडल्या, गाव ओसरले, पण नदीकाठचा मुख्य मार्ग राहिला, कारण या डोंगराळ प्रदेशातून पूर्व-पश्चिम जाण्यासाठी तो आजही सोयीचा आहे. आज तो सीएसएक्स या कंपनीच्या ताब्यात असून त्यावरून कोळशाच्या आणि इतर मालाच्या गाड्या धावतात. त्याच मार्गाने ॲमट्रॅक या सार्वजनिक प्रवासी रेल्वेची कार्डिनल ही गाडी आठवड्यातून तीन दिवस दोन्ही दिशांनी जाते. थरमंड हा तिचा मागणीनुसार थांबा आहे, म्हणजे चढणारा किंवा उतरणारा प्रवासी असेल तरच ती तेथे थांबते.

प्रश्न : मी लोको शेडमध्ये नोकरी केली आहे. वाफेची इंजिने आमच्याकडेही गेली, तरी भुसावळ वाढतच राहिले. मग थरमंडच का ओस पडले? (भुसावळ)

उत्तर : आपल्या प्रश्नाने या सदराला खरा विषय दिला. थरमंडच्या ऱ्हासाचे खापर बहुतेक लेखांत डिझेल इंजिनावर फोडलेले असते. ते पूर्ण चूक नाही, पण डिझेलने दिला तो शेवटचा धक्का होता आणि गाव त्याआधीच खिळखिळे झाले होते.

१९२१ पर्यंत थरमंडला मोटारीने जाण्याजोगा रस्ताच नव्हता. माणूस असो, पिठाचे पोते असो की वर्तमानपत्र, सर्व काही रेल्वेनेच येई, आणि व्यापाऱ्यांच्या भरभराटीचे कारणही हेच होते, कारण आसपासच्या खाणवस्त्यांना दुसरी बाजारपेठ जवळ नव्हती. रस्ता झाला, मोटारी आल्या, आणि वर पठारावरची ओक हिलसारखी गावे खरेदीला अधिक सोयीची ठरली. त्यात आगी लागल्या. जागा इतकी थोडी, की जळालेल्या इमारतीच्या जागी नवी बांधण्याचे धाडस कोणी करीना. नदीपलीकडचे शंभर खोल्यांचे डनग्लेन हॉटेल १९३० मध्ये जळाले. १९३१ मध्ये गावातील एक बँक महामंदीत बुडाली आणि दुसरीने १९३५ मध्ये आपले बस्तान ओक हिलला हलवले. तरीही गाव टिकून होते, कारण इंजिनांचे काम होते. १९२२ मध्ये उभारलेला ५०० टन क्षमतेचा काँक्रीटचा कोळसामनोरा चालू होता आणि लोको शेडमध्ये माणसे कामावर जात होती.

डिझेल आले ते १९४० च्या दशकाच्या अखेरीस. चेसापीक अँड ओहायोची कमाईच कोळशाच्या वाहतुकीवर चालत असल्यामुळे ती वाफेची इंजिने सोडायला इतर कंपन्यांच्या मानाने उशिरा तयार झाली, पण १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्याकडूनही ती हद्दपार झाली. डिझेल इंजिनाला पाण्याची टाकी नको, कोळसामनोरा नको, राखेचा खड्डा नको, आणि ते थरमंडला न थांबता पुढे जाऊ शकते. ज्या कामासाठी माणसे या पट्टीवर राहत होती ते कामच उरले नाही. त्याच सुमारास दरीतील खाणीही एकेक करून बंद होत होत्या.

भुसावळची गोष्ट वेगळी होण्याचे कारण आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. नागपूर आणि खंडव्याकडचे मार्ग तेथे फुटतात, वाफ गेल्यावर विद्युत इंजिनांची शेड तेथे आली, आणि मुख्य म्हणजे तापीकाठच्या त्या सपाट मुलखात कापूस आणि केळी पिकवणारा शेतकरी होता, चारही बाजूंनी रस्ते होते, तालुक्याचा बाजार होता. रेल्वेने भुसावळ मोठे केले, पण रेल्वेवाचूनही त्याच्याभोवती जगणे होते. थरमंडभोवती एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला नदी होती. एखाद्या वस्तीचे सर्व पोट एकाच यंत्राच्या गरजांवर अवलंबून असेल, तर ते यंत्र बदलणाऱ्या अभियंत्याला त्या वस्तीचा विचार करण्याचे कारण नसते, आणि त्याने तो करावा अशी व्यवस्थाही कोठे नसते. मला थरमंडच्या इतिहासातील सर्वांत दुःखाची बाब हीच वाटते, की कोणीही ते गाव मोडण्याचे ठरवले नव्हते.

आपल्याकडे त्याच्याशी थोडेफार जुळणारे उदाहरण द्यायचे तर इगतपुरीचे देता येईल. तेथे विजेच्या दोन वेगळ्या प्रणाली मिळत असल्यामुळे अनेक वर्षे गाड्यांचे इंजिन बदलावे लागे, त्यामुळे गाड्या बराच वेळ उभ्या राहत आणि फलाटावरच्या विक्रेत्यांचा व्यवसाय त्या थांब्यावर चाले. पुढे सर्व मार्ग एकाच प्रणालीवर आला आणि ती गरज संपली. मात्र थळ घाटाची चढण तशीच आहे आणि गावाला महामार्ग, पर्यटन, कारखाने यांचा आधार आहे, म्हणून इगतपुरी उभी आहे.

प्रश्न : डनग्लेन हॉटेलात पत्त्यांचा एक डाव सलग १४ वर्षे चालला होता, असे वाचले. हे खरे आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : ही आख्यायिका थरमंडविषयीच्या बहुतेक मजकुरात येते. कॅप्टन थरमंड यांनी आपल्या जमिनीवर दारूला मनाई केली होती. डनग्लेन पलीकडच्या काठावर मॅकेल यांच्या जमिनीवर असल्यामुळे तेथे ती मनाई लागू नव्हती. खाणींचे मालक, दलाल आणि पगाराच्या दिवशी खिशात पैसे असलेले कामगार तेथे जमत, यात शंका नाही. हॉटेल १९०१ ते १९३० एवढीच वर्षे उभे होते, तेव्हा १४ वर्षांचा डाव म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा काळ झाला. ती कथा म्हणूनच वाचावी.

प्रश्न : मी नागरिकशास्त्र शिकवते. पाच रहिवाशांच्या गावाला स्वतःचे शासन असू शकते का? ते लोक नेमके करतात काय, आणि त्यांचा रोजचा दिवस कसा जातो? (सातारा)

उत्तर : असू शकते आणि आहे. थरमंड हे राज्याच्या कायद्याने नोंदलेले नगर असल्यामुळे त्याला महापौर आणि नगर परिषद असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या सदस्यांची किमान संख्या ७ आहे, म्हणजे थरमंडची संपूर्ण लोकसंख्या एकत्र केली तरी आपल्याकडील लहानात लहान ग्रामपंचायतीचे संख्याबळ भरत नाही, आणि आपल्याकडे एवढी लहान वस्ती शेजारच्या गावांबरोबर गट ग्रामपंचायतीत गेली असती. तेथे तसे झाले नाही. रहिवाशांनी नगराचा दर्जा सोडला नाही, आणि त्याचा उपयोगही त्यांनी केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये थरमंडने समलिंगी आणि पारलिंगी नागरिकांशी घर, नोकरी व सार्वजनिक सोयी यांबाबत भेदभाव करण्यास मनाई करणारा ठराव एकमताने संमत केला, आणि असा नियम करणारे ते अमेरिकेतील सर्वांत लहान नगर ठरले. राज्यभर लागू होणारा असा कायदा त्या वेळी वेस्ट व्हर्जिनियात नव्हता. ज्या गावात नियमाचा लाभ घेणारा कोणी कदाचित नसेलही, त्या गावाने तो करावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मला मात्र ते योग्य वाटते. शासनाचा अधिकार हाती असताना आपल्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला आपण कसे वागवणार हे जाहीर करणे, हे पाच लोकांच्या गावाचेही काम आहे आणि पाच लाखांच्या शहराचेही.

रोजच्या जगण्याविषयी बोलताना तेथील मोजक्या रहिवाशांचे खासगीपण जपायला हवे, म्हणून सर्वांना दिसते तेवढेच लिहितो. गावात आज दुकान नाही, उपाहारगृह नाही, पेट्रोल पंप नाही. गावात यायचे तर ग्लेन जीनहून डनलूप ओढ्याच्या कडेने सुमारे ११ किलोमीटरचा अरुंद, वळणांचा रस्ता आहे, आणि शेवटी नदी ओलांडायची ती रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या शेजारच्या एकपदरी वाटेने. समोरून मोटार येत असेल तर आपण अलीकडे थांबायचे. किराणा, डाकघर, डॉक्टर, शाळा यांसाठी हाच रस्ता चढून वर जावे लागते. मालगाड्या दिवसरात्र घरांसमोरून जातात आणि दरीच्या भिंतींमुळे त्यांचा आवाज गाडी येण्याच्या आधीपासून ती गेल्यानंतरही ऐकू येत राहतो. उन्हाळ्यात मात्र गाव गजबजते. न्यू रिव्हरचा हा टप्पा वेगवान प्रवाहांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे रबरी तराफ्यांवरून प्रवास करणारे हजारो लोक या दरीत येतात. पूर्वी जेथे डनग्लेन हॉटेल उभे होते तेथे आता नदीत उतरण्याची जागा आणि सहलीचे मैदान आहे.

प्रश्न : गावातील बहुतेक इमारती सरकारच्या मालकीच्या आहेत असे समजते. त्या जपल्या जात आहेत की नुसत्या अडवून ठेवल्या आहेत? (पुणे, वास्तुरचनेची विद्यार्थिनी)

उत्तर : दोन्ही गोष्टी काही प्रमाणात खऱ्या आहेत. १९७८ मध्ये न्यू रिव्हर गॉर्जला राष्ट्रीय नदीचा दर्जा मिळाला आणि राष्ट्रीय उद्यान सेवेने पुढे थरमंडमधील बरीचशी मालमत्ता ताब्यात घेतली. डिसेंबर २०२० मध्ये याच क्षेत्राला राष्ट्रीय उद्यान आणि राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. १९०४ चे लाकडी स्थानक दुरुस्त करून १९९५ मध्ये तेथे पर्यटकांसाठी माहिती केंद्र उघडण्यात आले आणि ते आजही उन्हाळ्यात चालू असते. २००३ च्या सुमारास गावातील सुमारे २० जुन्या वास्तूंना आधार देऊन, छपरे आणि पाया सावरून त्या पडण्यापासून वाचवण्यात आल्या. रुळांलगत उभी असलेली बँकेची इमारत आणि तिच्या शेजारच्या दोन व्यापारी इमारती आज बाहेरून पाहता येतात, मात्र आत जाता येत नाही. या कामाचे मोल कमी लेखू नये. याच दरीतील केमूर आणि नटालबर्ग या खाणवस्त्या पाहिल्या, तर काय टळले ते कळते. केमूरची खाण १९६२ मध्ये बंद झाली. आज तेथे जायला ८२१ पायऱ्या उतराव्या लागतात आणि खाली गंजलेली यंत्रे व झाडीने वेढलेले अवशेष दिसतात. नटालबर्गची खाण तर १९२० च्या दशकात काही काळ हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने चालवली होती. तेथील कोळसा वाहून नेणारी लांबलचक घसरण जतन केली आहे, परंतु वस्ती मुळीच नाही.

माझे मत विचाराल तर थरमंडबाबत अर्धे काम झाले आहे. भिंती सावरणे हे अभियंत्याचे काम आहे आणि ते चांगले झाले. पण जुनी इमारत टिकते ती मुख्यतः वापरात असल्यामुळे. कोणीतरी सकाळी खिडकी उघडतो, गळते छप्पर दुसऱ्याच दिवशी त्याच्या लक्षात येते, हिवाळ्यात तो आत ऊब ठेवतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यान सेवेला आपल्या ताब्यातील ऐतिहासिक वास्तू दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येतात, आणि भाडेकरूला दुरुस्तीची अट घालता येते. थरमंडच्या काही घरांत आणि दुकानांत अशी माणसे यावीत, असे मला मनापासून वाटते. पुराचा धोका, सांडपाण्याची सोय आणि रुळांची जवळीक या तीन अडचणी खऱ्या आहेत, त्यामुळे हे सर्व इमारतींबाबत शक्य नाही. काही इमारतींबाबत मात्र असावे. आपण वास्तुरचना शिकत आहात, तेव्हा अभ्यासासाठी हा विषय जरूर घ्या. शिवाय आपल्याकडेही अरुंद मापाचे रेल्वेमार्ग बंद झाल्यावर त्यांवरील लहान स्थानके, पाण्याच्या टाक्या आणि कर्मचाऱ्यांची घरे मोकळी पडली आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हाच प्रश्न तितकाच निकडीचा आहे.

प्रश्न : मुलगी व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल येथे असते. पुढच्या वर्षी आम्ही दोघे तिच्याकडे जाणार आहोत. थरमंडला रेल्वेने जाता येईल का? (ठाणे)

उत्तर : येईल, आणि आपली सोय उत्तम आहे, कारण कार्डिनल गाडी शार्लट्सव्हिलहून जाते. गाडी रोज नसते, आठवड्यातून तीनच दिवस असते, त्यामुळे जाण्यायेण्याच्या तारखा आधी जुळवाव्या लागतील. तिकीट अगोदर काढलेच पाहिजे, नाहीतर चालकाला थांबण्याचे कारण कळणार नाही. शिकागोहून पूर्वेकडे येणारी गाडी ही दरी सकाळच्या वेळी पार करते, म्हणून दरीचे दृश्य पाहण्यासाठी परतीचा प्रवास अधिक चांगला.

थरमंडला राहण्याची आणि जेवणाची सोय नाही, तसेच स्थानकाबाहेर रिक्षा किंवा टॅक्सी मिळणार नाही. ओक हिल, फेएटव्हिल किंवा बेकली येथे मुक्काम करावा आणि मोटारीची व्यवस्था मुलीकडून आधीच करून घ्यावी. खरे तर तिने मोटारीने यावे आणि आपण दोघांनी एक टप्पा रेल्वेने करावा, हे सर्वांत सोयीचे. फेएटव्हिलजवळ १९७७ मध्ये खुला झालेला न्यू रिव्हर गॉर्जचा पोलादी कमानीचा पूल आहे, तो नदीपात्रापासून २६७ मीटर उंच आहे आणि त्याच मुक्कामात पाहून होतो. चालण्याची आवड असल्यास थरमंडजवळून मिंडेनकडे जाणारी सुमारे पाच किलोमीटरची पायवाट घ्यावी. ती जुन्या रेल्वे फाट्याच्या मार्गावरूनच गेलेली असल्यामुळे चढ फार सौम्य आहे आणि आपल्या वयाला झेपेल.

गावात फिरताना दोन गोष्टी पाळाव्यात. रूळ वापरातले आहेत आणि मालगाड्यांना ठरलेली वेळ नसते, म्हणून छायाचित्रासाठी रुळांवर उभे राहू नये. आणि काही घरे अजून लोकांची राहती घरे आहेत, तेव्हा दाराशी जाण्याआधी तेथे कोणी राहते का हे पाहावे. माहिती केंद्र उघडे असेल तर तेथील कर्मचारी कोणती इमारत कशाची होती हे सविस्तर सांगतात; हिवाळ्यात गेल्यास ते बंद असण्याची शक्यता धरूनच निघावे.